दहाव्या क्रमांकाचं दार : एनबीएच्या प्लेऑफची रचना बदलायला हवी का?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

सुरुवातीलाच एक हात वर करायला सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये पहाटे साडेपाच-सहाचा गजर लावून, चहाचा कप हातात घेऊन एनबीएचा अंतिम फेरीचा सामना कितीजणांनी पाहिला? अरे वा, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच हात आहेत. म्हणजे आज मला फार पायाभूत गोष्टी सांगाव्या लागणार नाहीत. तरीही जे क्रिकेटवरून इकडे वळलेत त्यांच्यासाठी दोन मिनिटांत मांडणी करून देतो, आणि मग मुद्द्यावर येतो.

एनबीएत ३० संघ. १५ पूर्व विभागात, १५ पश्चिम विभागात. प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो. त्यानंतर दोन्ही विभागांतले पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातवा ते दहावा, या चौघांमध्ये 'प्ले-इन' होतं आणि त्यातून उरलेल्या दोन जागा भरतात. पुढे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे. म्हणजे विजेता व्हायला १६ विजय. १९ एप्रिलला सुरू झालेला २०२५ चा प्लेऑफ २२ जूनला संपला. दोन महिन्यांचा कारभार आहे हा.

आता वाद काय आहे? दरवर्षी एप्रिल आला की तीन तक्रारी ठरलेल्या. एक, पश्चिम विभाग तगडा आणि पूर्व विभाग कमकुवत, तरी दोघांना सारख्याच जागा. दोन, प्ले-इनमुळे सुमार संघांना दार उघडं होतं. आणि तीन, हे सगळं फार लांबतं, खेळाडूंची शरीरं मोडतात. या तिन्ही तक्रारी आज एकेक करून तपासू. आधीच सांगतो, काही वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी ताडकन म्हणालो असतो, 'पूर्व-पश्चिम मोडून टाका, सरळ एक ते सोळा क्रमांक लावा.' आज मी तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच या व्याख्यानाचं सार आहे.

अन्यायाची दोन उदाहरणं

पहिली तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करू. २००७-०८ चा हंगाम घ्या. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ४८ सामने जिंकले, ३४ हरले, आणि ते प्लेऑफच्या बाहेर राहिले. कारण पश्चिमेत त्यांचा क्रमांक नववा. त्याच वर्षी पूर्वेत अटलांटा हॉक्सनी ३७ जिंकले, ४५ हरले, आणि ते आत गेले. ११ विजयांचा फरक, आणि निकाल उलटा! २०१३-१४ मध्ये पुन्हा तेच. फिनिक्स सन्स ४८-३४ करून घरी, अटलांटा ३८-४४ करून प्लेऑफमध्ये.

पण आता एक गंमत बघा. या दोन्ही वेळी अटलांटाने काय केलं? २००८ मध्ये ६६ सामने जिंकलेल्या बॉस्टन सेल्टिक्सला त्यांनी सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. २०१४ मध्ये पूर्वेत पहिल्या आलेल्या इंडियाना पेसर्सलाही सातव्या सामन्यापर्यंत नेलं. म्हणजे 'अपात्र' म्हणून ज्यांना आपण हसलो, त्यांनी मालिका तर रंगवली. अर्थात यावरून फिनिक्सवरचा अन्याय पुसला जात नाही. पण कागदावरचे विजय-पराभव आणि मैदानावरची ताकद यांच्यात एक फट असते, एवढं लक्षात ठेवा. ती आपल्याला पुढे लागणार आहे.

मग मी माझा तो लाडका उपाय, एक ते सोळा, २०२४-२५ च्या हंगामाला लावून बघितला. वही-पेन घेऊन बसलो. प्लेऑफमधल्या १६ संघांत बदल किती झाला असता? फक्त एक संघ! ३७-४५ वाली मायामी हीट बाहेर गेली असती, आणि तिच्या जागी ४०-४२ वाला संघ आला असता. तो अटलांटा की सॅक्रामेंटो, एवढाच प्रश्न. बाकीचे पंधरा तेच. मंडळी, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं मुठी आपटत होतो.

शिवाय एक ते सोळा करण्यात दोन अडचणी आहेत. प्रवासाची सगळ्यांना ठाऊक आहे. मायामी ते पोर्टलंड हे अंतर चार हजार किलोमीटरहून जास्त, घड्याळात तीन तासांचा फरक. पहिल्याच फेरीत अशी जोडी लागली तर खेळाडू विमानातच राहायचे. लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनीही याच मुद्द्यावर हात आखडता घेतला आहे.

पण दुसरी अडचण मला जास्त मूलभूत वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ८२ सामने येतात कुठून? समोरच्या विभागातल्या १५ संघांशी प्रत्येकी दोन, म्हणजे ३०. उरलेले ५२ आपल्याच विभागात. म्हणजे पूर्वेतला संघ साठ टक्क्यांहून जास्त सामने पूर्वेतल्याच संघांशी खेळतो. दोन वेगवेगळ्या शाळांतले विद्यार्थी, प्रश्नपत्रिका वेगळ्या, आणि आपण दोघांचे गुण एका यादीत लावायचे? एक ते सोळा ही यादी प्रामाणिक करायची असेल तर आधी प्रश्नपत्रिका एक करायला हवी. २९ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. गुणाकार करा. ५८ सामने. ८२ नव्हे, ५८. हा आकडा बाजूला ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

प्ले-इनचं श्रेय कुणाचं?

आता दुसरी तक्रार. प्ले-इन आजच्या रूपात आलं २०२०-२१ च्या हंगामात. आयपीएल बघणाऱ्यांना याची रचना लगेच कळेल. सातवा आणि आठवा भिडतात. जिंकेल तो आत, हरेल त्याला आणखी एक संधी. नववा आणि दहावा भिडतात. हरेल तो घरी. मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्यात जिंकलेला यांच्यात शेवटच्या जागेसाठी सामना. म्हणजे आपलं क्वालिफायर वन, एलिमिनेटर आणि क्वालिफायर टू. आयपीएलमध्ये ही पद्धत २०११ पासून आहे. फरक एवढाच की आयपीएल ती वरच्या चार संघांसाठी वापरते, तर एनबीए मधल्या चौघांसाठी.

प्ले-इनचे समर्थक कायम २०२३ चं उदाहरण देतात. मायामी हीट प्ले-इनमधून आली, आठवं मानांकन घेतलं, ५८ सामने जिंकलेल्या मिलवॉकी बक्सना पाच सामन्यांत हरवलं. जिमी बटलरचे त्या मालिकेतल्या एका सामन्यातले ५६ गुण कुणी विसरणार नाही. मग न्यूयॉर्क, मग बॉस्टन, आणि थेट अंतिम फेरी. त्याच वर्षी लॉस एंजेलिस लेकर्सही प्ले-इनमधून पश्चिमेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. 'बघा, प्ले-इन नसतं तर हे घडलं असतं का?' असा प्रश्न विचारतात.

मी सांगतो, घडलं असतं. उलट अधिक सहज घडलं असतं. कारण साखळीत मायामी सातवी होती, लेकर्सही सातवेच. जुन्या पद्धतीत हे दोघे थेट प्लेऑफमध्ये गेले असते. प्ले-इनने मायामीला संधी दिली नाही, मिळालेली संधी जवळजवळ काढून घेतली. पहिला सामना ते अटलांटाशी हरले आणि शिकागोविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या सत्रातही पिछाडीवर होते. तो सामना निसटला असता तर ती सगळी कथाच जन्माला आली नसती. ज्याने गाडी अडवली त्यालाच आपण चालक म्हणून हार घालतोय!

मग प्ले-इनने खरोखर कुणाला आत आणलं? जे नववे किंवा दहावे होते आणि तरी आत आले, तेच मोजायला हवेत. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत अशा २० जागा भरल्या गेल्या. त्यांतल्या १६ सातव्या-आठव्यांनीच घेतल्या. चार फक्त खालून आले : २०२१ मध्ये मेम्फिस, २०२२ मध्ये न्यू ऑर्लीन्स आणि अटलांटा, आणि २०२५ मध्ये मायामी, दहाव्या क्रमांकावरून आत आलेला पहिला संघ. हे चौघेही पहिल्याच फेरीत हरले. चौघांचे मिळून विजय चार, पराभव सोळा. २०२५ च्या मायामीला तर क्लीव्हलंडने चार-शून्य असं धुतलं, चार सामन्यांत मिळून १२२ गुणांच्या फरकाने. एका मालिकेत इतका मोठा फरक त्याआधी कधीच पडला नव्हता.

म्हणजे प्ले-इन निरुपयोगी आहे का? नाही. त्याचा उपयोग मे महिन्यात दिसत नाही, मार्चमध्ये दिसतो. पूर्वी अकराव्या-बाराव्या क्रमांकाचा संघ मार्चमध्येच हात वर करायचा आणि मुद्दाम हरायला लागायचा, कारण खाली राहिलं की पुढच्या ड्राफ्टमध्ये चांगला तरुण खेळाडू मिळण्याची शक्यता वाढते. दहाव्याला आशा दिली की तो खेळत राहतो. निदान कल्पना तशी आहे. पण २०२३ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनी प्ले-इनची संधी शिल्लक असताना मुख्य खेळाडूंना बसवलं, आणि लीगने त्यांना साडेसात लाख डॉलरचा दंड केला. दार उघडं ठेवलं म्हणून सगळे आत येऊ पाहतात असं नाही.

आणि मुळात हे दार दरवर्षी सारखंच उघडं का असावं? २०२३-२४ बघा. पश्चिमेत आठवे लेकर्स ४७ विजय, नववे-दहावे सॅक्रामेंटो आणि गोल्डन स्टेट प्रत्येकी ४६. एका विजयाचं अंतर. इथे आणखी एक सामना खेळवणं अगदी योग्य. त्याच वर्षी पूर्वेत आठवी मायामी ४६ विजय, नववं शिकागो ३९, दहावं अटलांटा ३६. दहा विजय मागे असलेल्या संघाला एका रात्रीत हिशोब मिटवायची संधी का द्यायची? आणि त्याच वेळी ४१-४१ करणारा ह्यूस्टन पश्चिमेत अकरावा म्हणून प्ले-इनच्याही बाहेर!

यावरचा तोडगा एनबीएच्याच इतिहासात पडलेला आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात ऑरलँडोजवळ डिस्नीच्या आवारात २२ संघ एकत्र ठेवून हंगाम पूर्ण केला गेला. तेव्हा प्ले-इनचा पहिला प्रयोग झाला आणि त्याला एक अट होती. नववा संघ आठव्यापासून चार सामन्यांच्या आत असेल, तरच प्ले-इन. पश्चिमेत पोर्टलंड आणि मेम्फिस त्या अटीत बसले, सामना झाला. पूर्वेत अंतर जास्त होतं, झाला नाही. किती साधं, किती न्याय्य! पुढच्याच हंगामात ही अट काढून टाकली. मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक ती.

खरा अंतिम सामना कुठे होतो?

आता मी जरा वेगळ्या बाजूने येतो. दारात कोण उभं आहे यावर आपण इतकं भांडतो, पण घराच्या आतल्या खोल्यांची मांडणी चुकलेली आहे का, हे बघत नाही.

२०१८ आठवा. ह्यूस्टन रॉकेट्स, ६५ विजय, विरुद्ध गोल्डन स्टेट. रॉकेट्स तीन-दोनने पुढे होते. ख्रिस पॉलच्या मांडीचा स्नायू दुखावला, तो बाहेर. सातव्या सामन्यात रॉकेट्सनी सलग २७ तीन-गुणी फटके चुकवले. जिवाचा थरकाप उडवणारी मालिका. पण ती अंतिम फेरी नव्हती, पश्चिमेची अंतिम फेरी होती. खऱ्या अंतिम फेरीत वॉरियर्सनी क्लीव्हलंडला चार-शून्य हरवलं. २००२ मध्ये लेकर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज सात सामने झुंजले आणि मग लेकर्सनी न्यू जर्सीला चार-शून्य. लग्न आदल्या दिवशीच उरकलं, मुहूर्तावर फक्त जेवणावळ.

यावर माझा उपाय छोटा आहे. पहिल्या दोन फेऱ्या आहेत तशा विभागवार ठेवा. चार संघ उरले की त्यांना साखळीतल्या विजयांप्रमाणे नव्याने क्रमांक द्या. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा. २०१८ ला लावा : रॉकेट्स ६५, वॉरियर्स ५८, बॉस्टन ५५, क्लीव्हलंड ५०. उपांत्य फेरीत रॉकेट्स-क्लीव्हलंड आणि वॉरियर्स-बॉस्टन. रॉकेट्स-वॉरियर्स भिडायचे असतील तर अंतिम फेरीत. २००२ ला लावा, तिथेही किंग्ज आणि लेकर्स वेगळ्या बाजूंना जातात.

तुम्ही म्हणाल, अहो, मगाशी तुम्हीच म्हणालात की दोन विभागांच्या गुणांची तुलना होत नाही. बरोबर आहे. पण इथे त्या तुलनेवरून कुणाला बाहेर काढायचं नाहीये. चौघेही दोन-दोन मालिका जिंकून आलेत. फक्त कोण कुणाशी खेळेल एवढंच ठरवायचंय. तुलना थोडी चुकली तरी शिक्षा छोटी. आणि लांबचा प्रवास वाढला तर दोनच मालिकांचा.

एनबीएला असे बदल करता येत नाहीत, असंही नाही. २००६ मध्ये सॅन अँटोनियो, ६३ विजय, आणि डॅलस, ६० विजय, हे पश्चिमेतले सर्वोत्तम दोन संघ दुसऱ्याच फेरीत भिडले, कारण गटविजेत्यांना पहिले तीन क्रमांक राखून ठेवलेले होते. पुढच्या हंगामापासून तो नियम बदलला. २०१४ मध्ये अंतिम फेरीची २-३-२ ही घर-बाहेरची जुनी वाटणी सोडून २-२-१-१-१ आणली. चूक डोळ्यांत भरली की सुधारणा होते. प्रश्न इच्छेचा आहे.

शरीरं आणि पैसा

आता तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. २०२५ च्या प्लेऑफमध्ये पायाच्या टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटून तीन मोठे खेळाडू कोसळले. आधी मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड, मग बॉस्टनचा जेसन टेटम, आणि अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, पहिल्याच सत्रात, इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन. ओक्लाहोमा सिटी थंडरनी तो सामना १०३-९१ असा जिंकला. त्यांच्या विजेतेपदाला मी उणं लेखत नाही. साखळीत ६८ विजय मिळवणारा संघ होता तो. पण हॅलिबर्टन जमिनीवर हात आपटत होता तेव्हा ती पहाट पाहणाऱ्या कुणालाही सामना आधीसारखा वाटला नसेल.

तीन दुखापतींवरून सिद्धान्त मांडू नये, मीही मांडत नाही. पण प्रश्न विचारायला हरकत नाही : सामने कमी करायचे तर कुठले? काहीजण म्हणतात, पहिली फेरी पूर्वीसारखी पाच सामन्यांची करा. ती २००३ मध्ये सातची झाली. हिशोब करू. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे असं धरा. पाच सामन्यांच्या मालिकेत तो शंभरपैकी ६८ वेळा जिंकेल, सातच्या मालिकेत ७१ वेळा. फरक तीनचा. म्हणजे न्यायाचं फार नुकसान नाही. तरी मी याच्या विरोधात आहे. कारण कात्री लावायची तर ती नोव्हेंबरला लावा, एप्रिलला नको. ज्या सामन्यांत सगळं पणाला लागतं ते कापायचे आणि ज्यांत प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात ते ठेवायचे, हा उलटा न्याय झाला.

८२ हा आकडा १९६७-६८ पासून चालत आलाय. मगाचा ५८ आठवा. तो आदर्श. पण ८२ वरून ५८ म्हणजे प्रत्येक संघाचे घरचे सामने ४१ वरून २९. बारा रात्रींची तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं गेलं. २०२५-२६ पासून लागू झालेला प्रसारणाचा करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. तो सामने दाखवण्यासाठी आहे, वगळण्यासाठी नाही. आणि खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या साधारण निम्मा, त्यामुळे तोटा झाला तर तो मालकांइतकाच त्यांचाही. म्हणून ५८ होणार नाही, हे मला कळतं.

पण ७२ होऊ शकतं. कारण ते झालेलं आहे! २०२०-२१ चा हंगाम ७२ सामन्यांचा होता. आपल्या विभागातल्या १४ संघांशी प्रत्येकी तीन, म्हणजे ४२. समोरच्या १५ संघांशी प्रत्येकी दोन, म्हणजे ३०. बेरीज ७२. यात विभागातल्या प्रत्येकाला प्रतिस्पर्ध्यांची यादी जवळजवळ सारखी मिळते. आज ती मिळत नाही. काहींशी चार सामने, काहींशी तीन. क्रमांक विभागवारच लावायचे असतील तर त्यातल्या त्यात न्याय्य वेळापत्रक हेच. किंमत, पाच घरचे सामने.

तर माझं म्हणणं तीन वाक्यांत. नवव्या-दहाव्याला दार उघडा, पण चार विजयांच्या आत असेल तरच. शेवटच्या चौघांना नव्याने क्रमांक द्या. आणि साखळी ७२ सामन्यांवर आणा, मालिकांना हात लावू नका.

२०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, आणि त्यांतला कुणीही आपल्या विभागात तिसऱ्याच्या खाली नव्हता. म्हणजे ही रचना विजेता चुकीचा निवडत नाही. तिथे ती शाबूत आहे. ती चुकते ती बाकीच्यांशी वागताना : ४१ जिंकून बाहेर राहणाऱ्याशी, आणि जूनपर्यंत पाय ओढत पोचणाऱ्याशी. स्पर्धेची परीक्षा जिंकणाऱ्यावरून करू नये. हरणाऱ्याला आपण न्यायाने हरलो असं वाटतं का, यावरून करावी.



प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सर, अनपेक्षित निकाल हाच प्लेऑफचा आत्मा नाही का? सगळं न्याय्य केलं तर मजा राहील का?*

चांगला प्रश्न आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्क निक्स आठव्या मानांकनावरून अंतिम फेरीत गेले. २००७ मध्ये आठव्या वॉरियर्सनी ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला हरवलं. तेव्हा प्ले-इन नव्हतं. आश्चर्य हे जागा वाढवून तयार होत नाही, ते दोन तयार संघ समोरासमोर आले की आपोआप होतं. मी आश्चर्याचं दार बंद करत नाहीये, फक्त फुकट्यांचं करतोय.

*प्रश्न : आमच्यासारखे सॅक्रामेंटो किंग्जचे चाहते काय करणार?*

(हसून) किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज-पेसर्स खेळून गेले, तेव्हापासून आपल्याकडे तुमचा पंथ वाढलाय. सोळा वर्षं प्लेऑफची वाट पाहिलीत, २०२३ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने आत गेलात, आणि पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण केले. तुमच्यावर इलाज माझ्या एकाही सूचनेत नाही. पण २००२ चं दुःख तरी योग्य फेरीत झालं असतं, एवढं आश्वासन देतो.